नाडीचे बूट

ओवी जाचक म्हणाली, काका, तबकडी नंतर घ्या,
आधी पाय बघा.
बघितले. बाथरूममधल्या पाटावर बसून, चष्मा लावून.
डावा उजव्यापेक्षा नखभर लांब.
साठ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
पायांनी तर नाहीच.

तीस वर्षं मी बिननाडीचे घातले.
नाशिकरोडला आमच्या छापखान्याच्या गेटावर
सुट्टी झाली की बूट काढून दाखवावे लागत,
तळव्याखाली काही दडवलंय का म्हणून.
मागे दोनशे माणसांची रांग,
नाडी सोडत बसणाऱ्याच्या आईबापाचा उद्धार.
म्हणून सगळेच घेत गेलो ढगळ, घसरते,
एका झटक्यात निघणारे,
आणि हेच बरे हो पायाला, असं
एकमेकांना सांगत गेलो.

मेन रोडला गेलो ते दिवेलागणीला.
(सकाळचं माप खोटं असतं, इति ओवी.
दिवसभर चालून फुगलेला पाय घेऊन जायचं.)
दुकानातला तौसीफ म्हणाला, चालायला? नाही.
क्रिकेट? नाही.
मग?
मी उभा राहिलो, दाखवलं :
तीन तिरकी पावलं, पाठ लक्ष्याकडे,
मग सगळं अंग उजव्या पायावर आणून
सोडायचं.
एक बाई पोराला घेऊन जरा लांब सरकल्या.
काय सोडायचं? तबकडी.
कुठे? साखळ्या लावलेल्या टोपलीत.
तौसीफने माझ्या पायाकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नाही.
म्हणजे काका, पाय रोवायचाही आहे
आणि रोवलेला फिरवायचाही.

पहिला जोड रोवला तो रोवलाच,
वरचं अंग वळलं आणि गुडघा म्हणाला, माझं काय?
दुसऱ्याचा तळ साबणाच्या वडीसारखा.
तिसरा देखणा, निळा, शिवणीला केशरी,
पण पुढून असा निमुळता
की पाय नव्हे, फूटपट्टी घालायची असावी.
चौथा मातकट. ठोकळा. कोपऱ्यात पडलेला.
त्यात बोटं पसरली
जत्रेला निघालेल्या गाडीत पोरं पसरावीत तशी.
अंगठ्यापुढे अंगठाभर जागा, टाच मात्र गच्च.
नाडी बांधायला वाकलो, आणि
हात थांबले. फास आधी की वळसा?
तौसीफने बांधून दिली. पोरगा विशीतला.
मी छताच्या पंख्याकडे बघत राहिलो.

रविवारी गंगापूर धरणाच्या खालच्या अंगाला
दव इतकं की गवत धुऊन वाळत घातल्यासारखं.
ओवीच्या टोपल्या सातपूरच्या वेल्डरने केलेल्या,
एक जरा डावीकडे झुकलेली, तिला सगळे दिगंबर म्हणतात.
काळी माती प्रत्येक पावलागणिक
बुटाला आपला थोडा थोडा हिस्सा जोडत होती.
काडीने खरवडली. पुन्हा उभा राहिलो.
तीन तिरकी पावलं.
टाच उचलली गेली, चवडा फिरला,
गुडघ्याने काही म्हणजे काही म्हटलं नाही.
तबकडी थेट बाभळीत.
बूट चांगले होते, हात वाईट.
सहाव्या टोपलीत एकदाच साखळी वाजली,
तीही दिगंबरची, आणि बहुतेक वाऱ्याने.

खेळ संपल्यावर मोरीच्या कठड्यावर बसलो
तर हात आपोआप खाली गेले, टाचेकडे.
तसेच आणले वर. पाणी प्यायलो.
स्कूटरवरून घरापर्यंत आलो
पायात बांधलेल्या गाठींसकट.

दारात सुशीला म्हणाली, बूट बाहेर.
चिखल बघा आधी तो.
पायरीवर बसलो. गाठ दवाने आवळलेली,
नखाने सोडवली, एक, मग दुसरी,
बराच वेळ लागला.
तिने डावा उचलला, उलटा करून झटकला :
दोन कुसळं, एक खडा.
बरं, या आत, म्हणाली.